फ्रीजमध्ये मोबाइल

मागच्या आठवड्यात वाईजवळच्या एका खेड्यात, एका मावशींच्या स्वयंपाकघरात मी फतकल मारून बसले होते. मांडीवर रेकॉर्डर, कानांवर हेडफोन. मावशी दारात उभ्या. थोडा वेळ त्यांनी दम धरला, मग विचारलंच, "काय घेताय?"

"आवाज."

"अहो, पण कुणी बोलतंच नाहीये."

"म्हणूनच घेतेय."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं माझी आई गेली बारा वर्षं पाहतेय. मी सिनेमांचा साउंड एडिट करते. एवढं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे गाणी?" नाही हो. गाणी सोडून जे काही वाजतं, ते.

दोन महिन्यांपूर्वी याच घरात एका छोट्या फिल्मचं शूटिंग झालं होतं. वडिलांचा दहावा करून मुलगा घरी येतो आणि ओट्याशी टेकून बसतो. अकरा सेकंदांचा शॉट, संवाद एकही नाही. आता गोची अशी, की सीन संपला की सगळ्या युनिटनं मिनिटभर जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि रेकॉर्डिस्टनं त्या खोलीची शांतता टिपून घ्यायची, असा रिवाज आहे. त्याला रूम टोन म्हणतात. रिकामी खोली गप्प नसते, प्रत्येक खोलीचा आपला एक बारीक घुमारा असतो. तो नसला आणि ट्रॅकवर खरोखरचं शून्य आलं, तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. त्या दिवशी उजेड चालला होता, पॅकअप झालं आणि रूम टोन राहिला. ढग आला तर अख्खं युनिट तासभर थांबतं. विमान गेलं तर सगळे रेकॉर्डिस्टकडे असे बघतात, जणू त्यानंच ते उडवलंय.

ही खोड जुनी आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं ॲरी २सी नावाचा कॅमेरा चालायचा आणि तो एवढा खडखडायचा, की सेटवरचा आवाज वापरायचा प्रश्नच नव्हता. संवाद नंतर बंद खोलीत डब. जागेचा आवाज फेकूनच द्यायचा असतो अशी सवय लागली ती तिथं. २००१ मध्ये 'लगान' सबंध सिंक साउंडवर केला, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज ठेवला, तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं लोकांना.

आमचे दिग्दर्शक म्हणाले, "अकरा सेकंद ना? बासरी टाकू."

बासरीशी माझं वैर नाही. पण बाप गेलाय आणि बासरी वाजली, की प्रेक्षकाला सांगितलं जातं, आता रडा. मी त्यांना 'गॉडफादर' (१९७२) मधला हॉटेलातला प्रसंग लावून दाखवला. मायकल दोघांना गोळ्या घालणार असतो. संगीत नाही. जवळून जाणाऱ्या ट्रेनची चाकं किंचाळत जातात, आवाज वाढत वाढत पार टिपेला पोचतो. ट्रेन एकदाही दिसत नाही. त्या सिनेमाच्या साउंडवर काम करणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी मायकलच्या डोक्यातला कल्लोळ एका ट्रेनवर भागवला. संगीत येतं ते पिस्तूल हातातून पडल्यावर. एवढ्या लांब कशाला, 'फँड्री'त डुकरामागं धावणारं कुटुंब राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थिजतं. गाणारी पोरं त्या जागी नाहीत, नुसता शाळेकडून आलेला आवाज. त्या आवाजानं काय काय बोलून घेतलंय ते बघा.

दिग्दर्शक म्हणाले, "ते ठीक आहे, पण आपल्याकडे ट्रेन नाही."

आधी मी टेकमधल्या संवादांच्या फटी खरवडल्या. दोन सेकंदांचा स्वच्छ तुकडा मिळाला, तो जोडजोडून अकरा सेकंद केला. त्यात लांब कुठेतरी होला पक्षी घुमत होता, मला आधी कळलंच नाही. जोडल्यावर तो दर दोन सेकंदांनी घुमायला लागला, अगदी घड्याळ लावल्यासारखा. मग सरळ एसटी धरली.

मावशींचा फ्रीज घरघरत होता. बंद करायला लागणार, म्हटल्यावर त्या दुधाकडे बघायला लागल्या. आमच्या धंद्यात एक युक्ती आहे: फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. मी एसटीनं आलेली, म्हणून मोबाइल ठेवला, दुधाच्या पातेल्याशेजारी. मावशींचा माझ्यावर जरा विश्वास बसला.

सीन तिन्हीसांजेचा, म्हणून मी त्याच वेळेची वाट बघितली. ऊन उतरलं आणि वर टक्क झालं. जरा वेळानं पुन्हा. स्वयंपाकघरावर पत्रा आहे. दिवसभर तापलेला, तो निवताना आखडतो आणि वाजतो. मावशींना म्हटलं, "हे रोज होतं?"

"काय?"

त्यांना हेडफोन दिला. "अगो बाई," म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

एडिटला तो ट्रॅक शॉटखाली टाकला. मुलगा ओट्याशी बसलाय, वर पत्रा निवतोय. दिग्दर्शकांनी बासरीचं नाव काढलं नाही, फक्त म्हणाले, "ते टक्क जरा कमी कर." सहा होते, पाच ठेवले. काढला तो, जो बरोबर त्यानं मान खाली घातल्यावर येत होता. फारच वेळेवर येत होता.