स्क्रीन म्हणते ओपन, मीटर म्हणतो १२१

सोलर कारची रेस म्हटलं की सगळ्यांना वाटतं खेळ पॅनलचा. पॅनल तर सगळ्यांकडे सारखंच हो, २०१९ च्या नियमात सिलिकॉन सेल असतील तर ४ चौरस मीटर, भर दुपारी जेमतेम हजार वॅट, म्हणजे घरातली इस्त्री चालेल एवढी पॉवर. पोरांचा घाम निघतो तो बॅटरी आणि तिच्या सेफ्टी सर्किटमध्ये. मी २०१९ ला ऑस्टिनला फॉर्म्युला सन ग्रां प्रीमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या सोलर कार रेसमध्ये, इलेक्ट्रिकल इन्स्पेक्शनला होतो, सर्किट ऑफ द अमेरिकाजवर, तिथली ही गोष्ट. टीमचं नाव सांगणार नाही, पोरं हुशार होती.

बॅटरीचा पॅक १८६५० साइजच्या सेलचा, ३२ सिरीजमध्ये, वजन २० किलोच्या आत, वायरिंग तर फोटो काढावा असं. टेस्ट साधी असते. बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला खोटं संकट दाखवायचं आणि ते पॅक तोडतंय का बघायचं. टेंपरेचर सेन्सरवर हीट गन धरली. थोड्या वेळात स्ट्रोब लाइट चमकायला लागला, लॅपटॉपवर लाल पट्टीत "कॉन्टॅक्टर ओपन" आलं, म्हणजे पॅक तोडणारा मोठा स्विच उघडला, पोरांनी टाळ्या पण वाजवल्या.

मला मात्र खट्ट असा आवाजच आला नव्हता. मी अमेरिकेत यायच्या आधी भोसरीत एका इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या शॉपमध्ये होतो, तिथला वायरमन दिवा गेला म्हणून कधी हात घालायचा नाही, टेस्ट लॅम्प लावूनच पुढे, तीच खोड मला लागलीय. मोटर कंट्रोलरच्या टर्मिनलवर मीटर लावला. १२१ व्होल्ट. एक पोरगा म्हणाला कॅपॅसिटर आहेत, उतरतील हळूहळू. बरं म्हटलं, थांबू. कॅपॅसिटर रिकामे करणारा ब्लीड रेझिस्टर लावलेला होता, म्हणजे आकडा पडायलाच हवा, पण तो तिथंच ठिय्या देऊन बसलेला. प्रीचार्जचा, म्हणजे मेनच्या आधी कॅपॅसिटर हळूहळू भरून घेणारा, रिले सुटलेला होता हे आधीच बघून घेतलं होतं, म्हणजे राहिला मेन कॉन्टॅक्टर. चिकटलेला.

आता गंमत बघा, पोरं लगेच पॅकचा प्लग ओढायला निघाली. थांबा म्हटलं! गाडी अर्धी गॅरेजबाहेर होती, पॅनलवर रणरणतं ऊन, एमपीपीटी (पॅनलची पॉवर बॅटरीला देणारे कन्व्हर्टर) पॅकला करंट ढकलतायत, तो जाणार कुठे? पॅक काढला की आउटपुट व्होल्टेज वर चढतं आणि कंट्रोलरला फटका बसतो, शिवाय डीसी लोडवर कनेक्टर ओढला तर आर्क होतो तो वेगळाच. एसीचा आर्क करंट शून्यावर आला की विझायला बघतो, डीसीत शून्य येतच नाही. गाडी आत ढकलली, पॅनलवर जाड ब्लँकेट टाकलं, अ‍ॅरेचे कनेक्टर काढले आणि मग ग्लोव्ह्ज घालून पॅक सोडवला.

कॉइलला सप्लाय नाही, मीटर कंटिन्युइटीवर, प्रोब लावले आणि बीऽऽप, म्हणजे आतून अजून जोडलेलाच. सीलबंद कॉन्टॅक्टर, आत काय झालं ते दिसत नाही. तेवढ्यात एकाने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टक केलं आणि बीप बंद! "फिक्स्ड!" म्हणून ओरडला पण. अरे बाबा, सुटला म्हणजे सुधारला नाही, वेल्ड तुटलाय फक्त, आतले कॉन्टॅक्ट खरखरीत झालेत, पुढच्या वेळी आणखी पक्का धरेल.

मग कारण शोधायला बसलो. प्रीचार्ज रेझिस्टर १०० ओहम, कंट्रोलरचे कॅपॅसिटर साधारण २००० मायक्रोफॅरड, म्हणजे नीट भरायला सेकंदभर तरी लागणार. कोडमध्ये डिले किती? १०० मिलिसेकंद! टेबलावर टेस्ट करताना लोड छोटा होता तेव्हा टाकलेला आकडा, गाडीत तसाच आला. एवढ्या वेळात कॅपॅसिटर ४० टक्के भरतात, सत्तरेक व्होल्टचा फरक राहतो आणि त्यावर मेन कॉन्टॅक्टर धाडकन जोडला जायचा. दरवेळी थोडं थोडं जळत गेलं. आणि स्क्रीन "ओपन" का म्हणत होती? कारण सॉफ्टवेअर आपणच दिलेली ऑर्डर वाचून दाखवत होतं. खरी स्थिती सांगणारा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट त्या कॉन्टॅक्टरलाच होता, त्याच्या दोन बारीक वायरी हीट श्रिंक घालून नीट बांधून ठेवलेल्या, कुठे जोडलेल्याच नाहीत. मला याचाच राग आला खरं तर.

टीममध्ये नाशिकची एक मुलगी होती, माझं आडनाव बॅजवर वाचून सकाळपासून मराठीत बोलत होती. हळूच म्हणाली, "काका, आता फेल करणार का हो आम्हाला?" म्हटलं, "आत्ता लाल स्टिकर देतोय, पण इन्स्पेक्शन रात्रीपर्यंत चालू आहे की, कॉन्टॅक्टर आणा कुठून तरी."

शेजारच्या पिटमधल्या टीमने दिला, त्यांच्याशीच दुसऱ्या दिवशी टक्कर होती तरी. हे या रेसमध्ये नेहमीचं आहे. संध्याकाळी परत आले तर डिले काढून टाकला होता, आता दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजून कॅपॅसिटर ९५ टक्के भरल्यावरच मेन कॉन्टॅक्टर जोडला जात होता आणि ऑक्झिलरीच्या वायरी बोर्डवर सोल्डर केल्या होत्या. हीट गन धरली, खट्ट आवाज आला, मीटर उतरायला लागला, ८०, ४०, १२. हिरवा स्टिकर लावला आणि त्यांचा पॅक रात्रीसाठी सील करून जमा करून घेतला. रेसमध्ये पुढे त्यांना टायरनेच जास्त रडवलं, पण तो माझा विभाग नाही.