तुमच्यापाशी तं एकही नाही

५ डिसेंबर, रात्र

थ्री फेज आत्ता आली. हे बॅटरी घेऊन वावरात गेले, हरभऱ्याला ओलीत आहे. पहाटेशिवाय येत नाहीत आता. मीही जागीच आहे, पण माझ्याजवळ ओलिताचं निमित्त नाही. एक आठ वर्षांचा पोरगा काहीतरी बोलून गेला आणि ते डोक्यातून जात नाही, एवढंच.

प्रॅक्टिस संपून चाइम, म्हणजे एकेका सुराच्या वाजवायच्या नळ्या, पेटीत ठेवणं चाललं होतं. लांब नळ्या आधी, आखूड नंतर. सगळ्यांत शेवटी तो पोरगा आला, वरचा प वाजवणारा. नळी हातात धरून तिथेच उभा.

"काकू, सगळ्याइले दोन-दोन, मले एकच कायले?"

तिसरीत आहे, भागाकार सुरू आहे, म्हणून त्याच भाषेत सांगितलं. सेट २५ नळ्यांचा, त्यातल्या काळ्या पट्ट्यांच्या १० बाजूला ठेव. राहिल्या १५. दोन-दोन वाटल्या तर सात जणांना पुरतात, बाकी एक. ती बाकी म्हणजे तू. त्याला पटलं. पटल्यासारखी मान तरी हलवली. मग माझ्या हातांकडे बघत म्हणतो, "अन् तुमी? तुमच्यापाशी तं एकही नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) फाटकापर्यंत हसू टिकलं.

खरंच आहे ना. प-ध मावशी, नी-सा, रे-ग, मधल्या म-प वाल्या वहिनी, ध-नी, वरची सा-रे, ग-म आणि ही बाकी. आठ माणसं, आठांच्या हातात काहीतरी. (वहीत मी हल्ली माणसांना सुरांवरूनच लिहिते. ग-म तेवढी चिडते, म्हणते गम म्हणजे दुःख.) आणि त्यांच्यासमोर मी, दोन रिकामे हात वर करून.

आपल्याकडे असं कुठे असतं? भजनात जो पुढे बसतो त्याच्या हातात टाळ असतो. कीर्तनकाराच्या हातात चिपळ्या. आमच्या प्रॅक्टिसच्या आधी पलीकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, मग दोनेक भजनं, तिथेही म्हणणारा स्वतःच खंजेरी वाजवतो. लग्नातला बँडमास्टरसुद्धा स्वतः क्लॅरिनेट तोंडाला लावूनच बाकीच्यांना डोळे वटारतो. नुसते हात हलवणारा माणूस म्हटला की मला यवतमाळच्या चौकातला ट्रॅफिक पोलीसच आठवतो, आणि त्याच्याही तोंडात शिट्टी असते.

चौदाव्या वर्षापासून मी देवळात पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बसले. एकतीस वर्षं. लग्नानंतरचे दोन महिने सोडले तर एक रविवार चुकला असेल-नसेल. मग कीबोर्ड आला, त्याच्याबरोबर वाजवणारा पोरगा आला, आणि दादाने पाठवलेल्या चाइमच्या पेट्या आल्या, तेव्हा सगळ्यांनी गोड बोलून सांगितलं, "ताई, आता तुम्ही चाइमचं बघा."

बघा. तेच करते आहे. बघते.

पेटी कपाटावर आहे. भाता उंदरांनी खाल्ला की काय ते अजून चढून पाहिलं नाही. असो.

सप्टेंबरमध्ये नागपूरला दोन दिवस शिकायला गेले तेव्हा हे इतकं टोचलं नव्हतं. तिथे सगळंच नवं होतं. शिकवणाऱ्या बाईंकडे खऱ्या हँडबेल होत्या, हातात धरून वाजवायच्या घंटा, काशाच्या, तांबं ऐंशी टक्के आणि कथील वीस असं काहीसं प्रमाण. हात लावायच्या आधी त्यांनी पांढरे सुती हातमोजे दिले. मला वाटलं आपल्या हाताला लागू नये म्हणून. तर नाही, आपल्या हाताचा घाम घंटेला लागून डाग पडू नये म्हणून. आमच्या चाइम ॲल्युमिनियमच्या, त्यांना मोजे लागत नाहीत. गावात येऊन हे सांगितलं तेव्हा म-प वहिनी आपल्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे कापूस आमी वेचाचा, बोंडानं बोटं आमची फाटाची, अन् मोजे घंटीले!"

बाईंनी गोष्टीही छान सांगितल्या. या हँडबेल इंग्लंडात निघाल्या, तीनेकशे वर्षांपूर्वी. तिथे चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा दोर ओढून ठरावीक क्रमाने वाजवायची पद्धत. सराव केला की अख्ख्या गावाच्या कानठळ्या बसायच्या आणि मनोऱ्यात थंडी. म्हणून घरात, शेकोटीपाशी बसून क्रम पाठ करायला या छोट्या घंटा. गाण्याबिण्याचा संबंधच नव्हता, नुसती क्रमांची अदलाबदल. सात घंटांचे ५०४० क्रम होतात म्हणे. पुढे १८४० च्या दशकात बार्नम नावाच्या तमाशेवाल्याने इंग्लंडातल्याच लँकेशायरचे वाजवणारे अमेरिकेत नेले आणि लोकांना सांगितलं, हे स्विस आहेत. मला ते फार आवडलं. आमच्या चाइम तर अगदी अलीकडच्या, १९८० नंतरच्या. चौकोनी नळी, वरून चिरलेली, तबला लावताना कुणी कुणी कानाशी धरतात त्या स्वरकाट्याच्या जातीची, बाहेरून एक टोला लावलेला. हात लंबगोल फिरवून पुढे झटकला की टोला बसतो, सूर तरंगत राहतो. थांबवायचा तर नळी खांद्याला टेकवायची.

हे थांबवणं आमच्या बायांना जड गेलं. वाजवायला सगळ्या तयार. पण सूर चालू असताना तो आपणच मारून टाकायचा, हे कुणाच्या हाताला पटेना. रे-ग म्हणाली, "इतका मस्त वाजून राहिला, वाजू द्या ना." वाजू दिला की पुढचा सूर त्याच्यात बुडतो. पेटीवर बोट उचललं की संपलं, मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

पण मी हे सगळं का लिहिते आहे? त्या पोराचं सोडून.

गेल्या गुरुवारी बाईंनी फोनवर गृहपाठ दिला होता: मोबाइल टेबलावर, वाजवणाऱ्यांच्या जागी ठेवा, स्वतःचं दिग्दर्शन रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून बघा. बायांना तुम्ही जशा दिसता तशा स्वतःला बघा. पहिली मात्रा कुठे पडते ते कळतं का, एवढंच सांगा.

बघितलं. नाही कळली. खाली, आत, बाहेर, वर असे चार ठोके मी करते आहे असं मला वाटत होतं. पडद्यावरची बाई हंडी ढवळत होती. उजवा हात ढवळतो आहे, डाव्या हाताची बोटं हवेत पेटी वाजवत आहेत, चक्क, म्हणजे माझ्या नकळत गेल्या एकतीस वर्षांची बोटं. आणि तोंड! शब्दागणिक तोंड उघडतं आहे. कुणाचा सूर चुकला की कपाळाला आठी, आणि जिचा चुकला तिच्याकडेच मान. तीनदा पाहिलं आणि पुसून टाकलं. बाईंना सांगितलं, मोबाइलमध्ये जागा नव्हती.

बाई हसल्या असतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही गाता का हो दाखवताना?" हो म्हटलं. म्हणाल्या, "मग त्या तुमच्या गळ्यामागून येतात, हातामागून नाही. आठ दिवस तोंड मिटून करा."

म्हणजे पेटी गेली, आता तोंडही मिटायचं.

वाईट वाटलं, खरं सांगायचं तर. आणि आज हा पोरगा. दोन्ही एकाच ठिकाणी लागलं. कीबोर्डवाला पोरगा मुद्दाम काही करत नाही, चांगला वाजवतो, मीच शिकवलं आहे त्याला. ते वेगळंच. लेकीचा फोन आला होता, नाताळला सुट्टी मिळत नाही म्हणते. तेही वेगळं.

बाबा टाळ वाजवायचे तेव्हा मला मांडीवर घेऊन तालाच्या खुणा शिकवायचे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी. आणि खालीला, म्हणजे तालातल्या रिकाम्या जागेला, हात नुसता बाजूला न्यायचा, टाळी द्यायची नाही. मी विचारायची, द्यायची नाही तर मोजायची कशाला? बाबा म्हणायचे, मोजायची. हल्ली मला वाटतं, मी अख्खीच्या अख्खी खाली झाले आहे. नुसता हात बाजूला.

हे वाक्य लिहून मलाच हसू आलं. फारच झालं हे.

कारण आज प्रॅक्टिसमध्ये अजून एक झालं, आणि पोराच्या बोलण्यापायी ते विसरलेच होते. तिसऱ्या ओळीला माझ्या गालावर मच्छर बसला. मी डाव्या हाताने फटकन मारला. आणि प-ध मावशींनी मंद्र प, सगळ्यांत खालचा, ठण्णकन वाजवला. सगळ्या थांबल्या. मी म्हटलं, "मावशी, हे काय?" तर म्हणतात, "तूच तं हात केला! डावा हात म्हणजे इशारा, तूच सांगतलं."

मावशींना कागद वाचता येत नाही. त्यांच्या ओळीवर लाल-निळे ठिपके केले आहेत, लाल उजव्या हाताला, निळा डाव्याला, तरी त्या कागदाकडे बघत नाहीत. मी तीन महिने कुरकुरते आहे की कुणी मान वर करत नाही, सगळ्या कागदात डोकं घालून बसतात. आणि ही एक बाई दिवसभर वेचणी करून येते आणि माझा हात इतका निरखून बघते की मच्छरसुद्धा वाजवते.

आणि सूर अगदी वेळेवर होता हो. मच्छर मेला त्याच क्षणाला. खरं तर मोठी नळी जरा उशिरा बोलते, म्हणून मावशींना मी नेहमी सांगते, थोडं आधी हात घाला. आज पहिल्यांदा घातला.

बरं. मग उठून चहा केला आणि वही काढली.

आपण बाबांचीच चाल बसवतो आहोत. भूप रागातली आहे, सोपी, म्हणून घेतली. प वरून ग वर बाबा ज्या मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, उतरायचे ती चाइमवर येत नाही, येणारही नाही, नळी एकच सूर बोलते. ते मी मान्य केलं आहे. (केलं आहे का? रविवारी रे-ग ला "जरा ओढून घे" म्हणाले होते. ओढायचं काय, तिने नळी ओढली.) पण भूप म्हणजे म आणि नी वर्ज्य. मी पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीला सा धरून, बसवली, कारण पेटीवर मी ती तिथेच वाजवायचे. त्यामुळे नी-सा ला फक्त सा, आणि तार सा च्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा च्या, वर चाल चढतच नाही, म्हणून ग-म ला काहीच नाही आणि वरच्या प लाही नाही. त्या पोराने रडू नये म्हणून मी त्याला मधे मधे तीन ठोके घुसवून दिले होते. त्याने ते मोजले असणार. भागाकार येतो त्याला.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गाणं निवडताना आधी वाटणी बघा, कुणाचे हात रिकामे राहतात ते बघा. मी बघितलं ते माझेच.

सगळी चाल पांढरी पाचमध्ये लिहून काढली. प ला सा केलं. चहा गार झाला. आता मधल्या म-प वहिनींकडे मधला सा आला. मावशींकडे खर्जातला सा, तो त्यांना दर समेला द्यायचा, तंबोऱ्यासारखा. आणि पोराची ती बाकी नळी म्हणजे तार सा. चाल जिथे जिथे वर चढते तिथे तोच. शेवटही तार सा वर घेतला, बाबा घ्यायचे नाहीत, पण घेतला. मोजले तर अकरा वेळा येतो.

नी-सा चं मात्र जवळजवळ सगळं काम गेलं, तिच्याजवळ आता खर्जातला एक ग तेवढा, आणि नाव नी-सा. तिची कुरकुर ऐकावी लागेल. तशीही ती वेचणी असली की येत नाही, पण काम नाही म्हटलं की नेमकी येईल. आणि सगळ्यांची नावं बदलणार. प-ध आता सा-रे, रे-ग आता प-ध. लग्नात नाव बदलल्यासारखं, वर्षभर जुन्याच नावाने हाक जाईल. ग-म खूश होईल, ती आता गम राहिली नाही.

एक वाजत आला. मघाशी वही बाजूला ठेवून तोंड मिटून दोनदा हात केले, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेत बघून. खाली, आत, बाहेर, वर. डावा हात पदराला धरून ठेवला, नाहीतर पेटी वाजवतो. पहिली मात्रा काचेत दिसली असं वाटलं. अंधारात नीट सांगता येत नाही.

उद्या बाजाराचा दिवस, वेचणी बंद, सगळ्या येतो म्हणाल्या आहेत. लाल-निळे पेन संपत आले, दोन-दोन आणायचे. चिकटपट्टी. आणि मच्छर अगरबत्ती, नाहीतर मावशी पुन्हा वाजवतील.