वांद्याचे वांधे

चैत्रात गावी गेलो की माझी पहिली फेरी परसातल्या रायवळ आंब्याकडे. दीड पुरुष उंचीवर, खोडाच्या बेचक्यात एक आमरी, म्हणजे ऑर्किड, आहे. पट्ट्यासारखी पानं, हवेत लोंबणारी जाड पांढुरकी मुळं आणि पाच-सात फुलं. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मधली ओठासारखी पाकळी निळसर जांभळी. वास गोड, पण नाक जवळ न्यावं लागतं. म्हणजे शिडी आलीच.

यंदा शिडी लावली, तर बेचका साफ. बांडगुळं तोडायला गडी आला होता, त्याच कोयत्याने हीही गेली.

"बांडगूळच ना ते? झाडाचा रस पितं," काका म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं शास्त्रीय नाव वांदा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे चौकटीचौकटीचं, ते ठीक. पण वांदा आला संस्कृत 'वन्दा'वरून, आणि वन्दा म्हणजे चक्क बांडगूळ! कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द उचलला, 1820 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने त्यावर शिक्का मारला. त्याआधी, 1795 साली, रॉक्सबर्ग या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिला एपिडेंड्रम म्हटलं होतं. ग्रीकमध्ये 'झाडावरचं', बस्स. तेच टिकलं असतं तर काकांशी भांडायला मला तोंड राहिलं असतं.

तोडलेल्या बांडगुळांच्या ढिगात ती सापडली. पानं सुरकुतलेली, मुळं शाबूत. काकांसमोर पायरीवर ठेवून तांब्याभर पाणी ओतलं. रुपेरी मुळं बघता बघता हिरवी झाली. वरचं स्पंजासारखं आवरण पावसाचं, दवाचं पाणी टिपतं; सालीत ती घुसत नाहीत, नुसती धरून राहतात. खऱ्या बांडगुळाची मुळं फांदी पोखरून आतलं पाणी ओढतात.

"मग ही खाते काय?"

"मुळं हिरवी झाली ना? ती आणि पानं मिळून उन्हावर अन्न बनवतात. बाकी साठलेला पाचोळा, पावसातून येईल ते."

काका काही बोलले नाहीत, पण काथ्या शोधून आणला. पुन्हा त्याच बेचक्यात बांधली.

परवा त्यांचा फोन. "तुझ्या वांद्याने आमचे वांधे केलेत. गडी आता प्रत्येक झाडाखाली उभा राहून विचारतो, हे तोडू की ठेवू?" मग सहज सांगितल्यासारखं, "नवीन मूळ फुटलंय. टोक हिरवं आहे."