म्हशी धरल्या नाहीत

दिवाळीच्या सुट्टीत उत्तरपत्रिका घेऊन गच्चीवर बसले होते. नववी, भूगोल, 40 गुण, 46 पत्रिका. मी लातुरात राहते आणि तालुक्याच्या एका शाळेत रोज बसनं जाते. पेपर माझाच होता. त्याचा संविधान तक्ताही, म्हणजे कोणत्या क्षमतेला किती गुण याचा आराखडा, मीच केलेला: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, प्रत्येकाचा भारांश टक्क्यांत बसवलेला. त्यावर सही करताना हेडसर म्हणाले होते, "मॅडम, तक्ता लई सुंदर केलाय."

प्रश्न तिसरा, भौगोलिक कारणे लिहा. ‘मराठवाड्यात पाऊस कमी पडतो.’ तक्त्यात हा ‘आकलन’च्या रकान्यात होता. पहिल्या पत्रिकेत उत्तर होतं, ‘बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात व पश्चिम उतारावर पाऊस कमी पडतो.’ उलटं लिहिलंय म्हणून लाल रेघ मारली. दुसऱ्या पत्रिकेत तेच. चौथीत तेच, स्वल्पविरामासकट. सातव्या पत्रिकेला माझा हात थांबला. कॉपी म्हणावी तर बैठकव्यवस्था मीच केली होती. हे पोर खिडकीकडं, ते दाराकडं.

मग हुशार मुलांपैकी एकाची वही काढली. (वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, म्हणून घरी आणलेल्या.) ऑगस्टमधल्या तारखेखाली तेच वाक्य होतं. फळ्यावरून उतरवलेलं. म्हणजे घाईत पूर्वच्या जागी पश्चिम मीच लिहिलं होतं. 46 पैकी 29 जणांनी माझी चूक जशीच्या तशी परत केली होती, आणि मी त्यांच्या आकलनाला गुण द्यायला बसले होते.

बी.एड.ला ब्लूमची वर्गवारी, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्यांची मांडणी, सगळ्यांनीच घोकलेली असते. 1956 चं पुस्तक, 2001 मध्ये झालेली सुधारणा, आणि स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती हा क्रम. बेंजामिन ब्लूम स्वतः शिकागो विद्यापीठात परीक्षा विभागाचं काम बघत, आणि ती वर्गवारी परीक्षा काढणाऱ्या लोकांच्याच गरजेतून आली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मुलांनी आधी काय शिकलंय हे ठाऊक असल्याशिवाय प्रश्न कोणत्या पातळीचा ते ठरवता येत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. आम्हाला मात्र क्रियापदांची यादी पाठ. ‘सांगा’ आलं की ज्ञान, ‘कारणे द्या’ आलं की आकलन. उत्तर फळ्यावर देऊन ठेवल्यावर ‘कारणे द्या’ म्हणजे ‘आठवा’च की.

सुट्टीनंतरच्या घटक चाचणीत दोनच प्रश्न नवे घातले. पहिल्यात एका बेटाचा कच्चा नकाशा. मधोमध उत्तर-दक्षिण डोंगररांग, वारे समुद्रावरून, पण पूर्वेकडून येणारे. ‘क’ गाव पश्चिमेला, ‘ख’ गाव पूर्वेला. भात कोणत्या गावात घ्याल, ज्वारी कोणत्या, आणि का? अर्ध्याहून जास्त वर्गानं भात पश्चिमेला लावला. पहिल्या नंबरच्या मुलानं तर समासात टीप लिहिली, ‘मॅडम, प्रश्नात चूक आहे, वारे पश्चिमेकडून येतात.’ हसू आलं, आणि नंतर नाही आलं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, प्रत्येकीत 50 हजार लिटर. आमच्याकडं ती गाडी शेंबड्या पोरालाही ठाऊक. तर एवढं पाणी 2,500 वस्तीच्या गावाला दिलं आणि माणशी रोज 40 लिटर धरलं, तर किती दिवस पुरेल? (1 गुण) प्रत्यक्षात तेवढे दिवस पुरेल का? मत कारणांसह लिहा. (2 गुण) नमुना उत्तरात मी लिहून ठेवलं: 5 दिवस. पुरणार नाही, कारण गळती, बाष्पीभवन, असमान वाटप.

एका मुलीच्या पत्रिकेत आकडा होता 50 दिवस. भागाकारात एक शून्य घसरलेलं. खाली लिहिलं होतं: ‘50 दिवस पुरणार नाही. आमच्या घरी सहा माणसं आणि दोन म्हशी आहेत. एक म्हैस दिवसाला पाच घागरी पाणी पिते. प्रश्नात माणसं लिहिली, जनावरं लिहिलीच नाहीत. म्हशी धरल्या नाहीत म्हणून हिशेब चुकीचा आहे.’

माझ्या नमुना उत्तरात म्हैस नव्हती. कशी असणार? माझ्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी आलं का नाही एवढाच माझा दुष्काळ. दोन गुण द्यायला पेन टेकवलं, तर शेजारी बसलेले गणिताचे सर म्हणाले, "आकडाच चुकलाय तिचा. चुकीच्या आकड्यावरचं मत कसं काय बरोबर?" खोटं नव्हतं ते. पन्नासवर शंका घेणं सोपं, पाचवर घ्यायला जास्त डोकं लागतं. आमचा चहा गार झाला तरी निकाल लागेना.

शेवटी मधल्या सुट्टीत तिलाच बोलावलं. ती घाबरून उभी.

"हे म्हशीचं कसं सुचलं गं तुला?"

"मॅडम, पन्नास दिवस आले ना, मग मला वाटलं एवढं कसं काय पुरंल? उन्हाळ्यात तर आमच्यात दोन दिवसाला टँकर लागतो. मग काय राहिलं, काय राहिलं करता करता म्हशी आठवल्या."

म्हणजे उत्तर खोटं आहे हे तिला कळलं होतं. फक्त चूक तिनं स्वतःच्या भागाकारात न शोधता माझ्या प्रश्नात शोधली, आणि तिथंही ती सापडली. भागाकाराचा एक कापला, मताचे दोन दिले. गणिताचे सर अजून मान्य करत नाहीत.

मग मी एक उद्योग केला. तिचं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं, त्यावर तासभर चर्चा घेतली, फळ्यावर मुद्दे काढून दिले. या वेळी पूर्व-पश्चिम दोनदा तपासून.

यंदाच्या नववीला तोच प्रश्न जरा बदलून घातला. गावाच्या वस्तीसोबत 600 जनावरं दिली, दर जनावरामागं रोजचं पाणीही दिलं. आमच्याकडं वह्या मोठ्या भावंडांकडून खाली येतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पहिली पत्रिका उघडली. जनावरांसकट हिशेब चोख केलेला, आणि खाली: ‘हा हिशेब चुकीचा आहे, कारण म्हशी धरल्या नाहीत.’ दुसऱ्या पत्रिकेतही तेच.