गुलमोहराच्या पाकळ्या पांढऱ्या पडल्या त्या दिवशी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सोलापुरात पुणे रस्त्याला, केगावच्या पुढे एका बंगल्याचा स्विमिंग टँक रिकामा करायचा होता. तळाच्या टाइल्स सुटल्या होत्या आणि मृगाच्या आत काम उरकणं भाग होतं. आपल्याकडची काळी माती पाऊस पडला की फुगते, पाणी धरून बसते. अशा वेळी टँक रिकामा असला तर बाहेरच्या पाण्याचा दाब अख्खं बांधकाम वर उचलतो, निदान तडा तरी देतो. म्हणून पावसाळ्यात मी कुणाचाच टँक उपसत नाही.

आठ दिवस आधीच बंगल्याच्या मालकांना, काकांना, सांगून ठेवलं होतं, की आता क्लोरीनचं औषध टाकायचं नाही, पाणी नुसतं उन्हात राहू द्या. ऊन क्लोरीन खातं. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात तर भराभर खातं. गोळ्यांमधलं सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साठलेलं असलं तर मात्र क्लोरीन चिवटपणे टिकतं, म्हणून आठ दिवस धरले होते.

सकाळी टेम्पोतून सामान उतरवत होतो तेवढ्यात माझ्या हाताखालचा पोरगा ओरडला, "दादा, शून्य आलं की! रंगच न्हाई." तपासणीच्या बाटलीत गोळी टाकली की क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, नसेल तर पांढरंच राहतं. एवढं त्याला मीच शिकवलेलं. पाणी पांढरं दिसलं म्हणून त्याने पाइप रस्त्याकडेच्या गटारात सोडला आणि मोटर चालू केली. त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं ते.

मी काठावर आलो आणि पाण्यावरच्या पाकळ्या दिसल्या. बाजूला गुलमोहर फुललेला, झाडाखाली लालभडक सडा, आणि टँकमधल्या पाकळ्या मात्र धुतलेल्या कापसासारख्या. पोटात गोळाच आला. बाटली हातात घेतली, नवी गोळी टाकली आणि डोळा न हलवता पाहत राहिलो. क्षणभर गुलाबी झाक आली आणि गेली.

क्लोरीन फार जास्त असेल तर ते तपासणीचा रंगच उडवून टाकतं. तेव्हा पाणी पांढरं दिसतं आणि आपण त्याला शून्य समजतो. हे मी पोराला कधी सांगितलंच नव्हतं.

"मोटर बंद कर!"

एक भाग टँकचं पाणी, नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिसळून पुन्हा तपासलं. आता रंग टिकला, दोन आला, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन. दहापट मिसळलेलं, म्हणून खरा आकडा वीस. एरवी पोहण्याच्या पाण्यात एक ते तीन असतो. माशांना तर एकाच्या दहाव्या हिश्शाएवढंही सोसत नाही, त्यांचे कल्ले जळतात.

काका बाहेर आले. "अहो, घाण पाणी गटारात कसं सोडायचं? म्हणून रात्री डब्यातली उरलेली पावडर सगळी टाकली. म्हटलं, साफ होऊन जाऊ दे." माणूस मनापासून बोलत होता. मला रागावता आलं नाही. दिसायला स्वच्छ ते पाणी निर्धोक, असं आपण सगळेच धरून चालतो.

दहा मिनिटं मोटर चालली होती. मी फावडं घेऊन गटाराच्या कडेने पळालो. ते गटार कुठल्या शुद्धीकरण केंद्रात जात नाही, थेट मागच्या ओढ्यात उतरतं. ओढा सीनेला मिळतो आणि सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला. उन्हाळ्यात त्या ओढ्यात एकच डबकं उरतं. आसपासचे मासे, बेडूक, टिटव्या, म्हशी, सगळ्यांना तेवढंच पाणी. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका फार्महाउसवर मीच घाईने पाणी सोडलं होतं आणि संध्याकाळी बोटाएवढे मासे पोट वर करून तरंगताना पाहिले होते. ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

नशिबाने गटार कोरडं ठणठणीत होतं. पाणी जिरत जिरत ओढ्याच्या तीस-चाळीस पावलं अलीकडे थांबलं होतं. आम्ही तिथे मातीचा बांध घातला, माझ्याकडचं अर्धा किलो हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, बादलीत विरघळवून त्यात ओतलं.

आता प्रश्न टँकचा. आठ मीटर बाय चार, सरासरी खोली एक मीटर चाळीस. म्हणजे जवळपास ४५,००० लिटर. वीसच्या हिशेबाने त्यात ९०० ग्रॅम क्लोरीन. एका भागाला साधारण सात भाग हायपो धरलं तर सहा किलोच्या वर लागणार. काका म्हणाले, "सेप्टिक टँकमध्ये सोडून देऊ का?" मी हात जोडले. तिथले जंतू मेले की सगळ्या घराची व्यवस्था बसली असती, शिवाय एवढं पाणी त्यात मावणार कुठे?

हायपो कुठे मिळेल हे सोलापूरकराला सुचणारच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाइंगच्या मास्तरांना फोन केला. टॉवेलचं सूत ब्लीच केल्यावर क्लोरीन मागे राहिलं तर सूत कमजोर होतं, रंग नीट धरत नाही. म्हणून हायपोने ते मारतात. मास्तर तेलुगू ढंगाच्या मराठीत म्हणाले, "आता पेरॉक्साइडच चालतंय जास्त. पण एक पोतं पडलंय बगा, ये घेऊन जा." पैसे घेतले नाहीत. "ओढ्यासाठी म्हणतोयस न्हवं?"

परत येईस्तोवर दीड वाजला. एकदम सगळं टाकलं नाही, जास्तीचं हायपोही पाण्याला नको. आधी चार किलो, चारही कोपऱ्यांतून, फिल्टरची मोटर फिरती ठेवून. तासाभराने मिसळून पाहिलं, मग थोडं थोडं. पीएच उतरला होता, तो सोड्याने सव्वासातवर आणला. चार वाजता बाटलीत गोळी टाकली. पोरगा आणि मी दोघंही टक लावून बसलो. क्षणाचीही झाक नाही. न मिसळता पाहिलं, मिसळून पाहिलं. दोन्हीकडे पांढरं.

तरीही गटारात एक थेंब सोडला नाही. मीठ आणि सायन्युरिक हायपोने जात नाहीत, म्हणून तुळस आणि कढीपत्ता वगळून फ्लॅट पाइप आधी नारळांना, मग लिंबांना आणि शेवटी शेजारच्या पडीक रानात, त्या शेतकऱ्याला विचारून. मेमधल्या काळ्या रानाच्या भेगांत हात जातो. अर्ध्या तासाला जागा बदलत गेलो. आमच्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. साडेचार टँकर पाणी गटारात कसं घालायचं?

तळाचा गाळ आणि शेवटचं गढूळ पाणी रात्री नऊला बादल्यांनी उपसलं. पोरगा गप्प होता. "पांढरं दिसलं की दोनदा बघायचं, एकदा मिसळून," एवढंच म्हणालो. त्याने मान हलवली आणि बॅटरी घेऊन ओढ्याकडे गेला. बराच वेळाने आला.

"हायेत, दादा. उड्या मारायलेत."