जबड्याच्या ऑपरेशनआधी कोणत्या तारा?

गुरुवार, रात्री

जबड्याच्या ऑपरेशनआधी तारा लावायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला: "न दिसणाऱ्या लावता येतील का?" प्रश्न रास्तच आहे. कॉलेज, नोकरीची मुलाखत, लग्नाची बोलणी, सगळं नेमकं त्याच दीड-दोन वर्षांत येऊन पडतं. पण या तारांना दात रांगेत आणण्याखेरीज आणखी एक काम असतं. कापलेला जबडा नव्या जागी धरून प्लेट-स्क्रू बसवेपर्यंत सर्जन वरचे आणि खालचे दात एकमेकांना बांधून ठेवतो, ते याच तारांच्या आधाराने. म्हणून निवड करताना आधी त्या बांधणीचा विचार व्हावा, दिसण्याचा नंतर.

नेहमीचे धातूचे ब्रॅकेट (दातावर चिकटवायचे, मुख्य वायर धरणारे छोटे तुकडे) इथे अजूनही सगळ्यांत भरवशाचे. लिगेचर वायर, म्हणजे बांधणीची बारीक तार, कितीही पिळून आवळली तरी त्यांचे पंख, म्हणजे ती गुंडाळायच्या कडा, टिकतात, आणि एखादा सुटून पडलाच तर एक्स-रेत लगेच सापडतो. दाताच्या रंगाचं सिरॅमिक कडक, पण ठिसूळ. वायर आवळताना पंखाचा टवका उडू शकतो, आणि भूल दिलेल्या माणसाच्या घशाकडे तो तुकडा गेला तर शोधत बसावं लागतं. शिवाय सिरॅमिक दाताच्या इनॅमलपेक्षा कठीण असतं. खालच्या दातांवर लावलं आणि वरचे दात त्यावर टेकत असतील, तर वरच्यांच्या कडा झिजतात. ज्यांना दिसण्याची फारच काळजी आहे त्यांनी वरच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दातांवर सिरॅमिक घ्यावं, बाकी सगळीकडे धातू. इलास्टिक अडकवायचे हुक मात्र मुख्य वायरवर दाबून बसवलेले असावेत, म्हणजे ओढ ब्रॅकेटच्या पंखावर न येता वायरवर येते.

सिरॅमिकची एक गोष्ट नाशिककरांना आधीच सांगून ठेवलेली बरी. ब्रॅकेट पिवळे पडत नाहीत, पण वायर धरून ठेवणारी पारदर्शक रबरं पडतात. मिसळीच्या तर्रीतली हळद त्यांना अशी धरते की दुसऱ्या दिवशी "न दिसणाऱ्या" तारा रस्त्यापलीकडून ओळखू येतात. रबरं बदलणार महिन्या-दीड महिन्याने, मिसळ होणार दर रविवारी. त्यापेक्षा बारीक स्टीलची लिगेचर घ्यावी. थोडी चमकते, पण डाग धरत नाही.

झाकणवाले, म्हणजे सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट चालतात. अट एकच: झाकणाव्यतिरिक्त लिगेचर गुंडाळायला त्यांना खाच हवी. ऑपरेशनच्या ओढाताणीत झाकण उघडतं, म्हणून वरून वायर बांधावीच लागते. काही मॉडेल इतकी गुळगुळीत असतात की वायर अडकायला जागाच नसते.

जिभेकडून लावायच्या तारा आणि ॲलाइनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) यांचा प्रश्न सारखाच आहे. बाहेरच्या बाजूला बांधायला काही नाही. मग ऑपरेशनच्या आधी दातांवर बटणं किंवा तात्पुरते ब्रॅकेट चिकटवावे लागतात, नाहीतर सर्जन हिरडीतून हाडात छोटे स्क्रू घालतो. होतं, अशक्य नाही. पण ऑपरेशननंतर चेहरा सुजलेला, तोंड दोन बोटंही उघडत नाही, अशा वेळी ॲलाइनर काढणं-घालणं किती जमेल, हे आधीच विचारून घ्यावं.

शुक्रवार

कालच्यापेक्षा महत्त्वाचं राहिलंच. ऑपरेशन करायचं की नाही, हे पहिला ब्रॅकेट चिकटवण्याआधी ठरलं पाहिजे, कारण दोन्ही वाटांवर दात विरुद्ध दिशांना सरकतात. खालचा जबडा पुढे असलेल्या माणसाचे खालचे पुढचे दात निसर्गानेच आत कललेले असतात आणि वरचे बाहेर. जबड्यांतला फरक झाकायची ती शरीराची धडपड. ऑपरेशनविना भागवायचं असेल तर बहुधा खालच्या उपदाढा (सुळा आणि दाढ यांमधले दात) काढून तेच आणखी वाढवतात. ऑपरेशन करायचं असेल तर उलटं: दात हाडावर सरळ उभे करायचे आणि काढाव्या लागल्याच तर बहुतेकदा वरच्या उपदाढा. चुकीची उपदाढ एकदा गेली की परत येत नाही. त्यामुळे ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारे डॉक्टर) आणि सर्जन यांनी एकत्र बसून कागदावर आराखडा केल्याशिवाय काहीही उपटू देऊ नये. पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजसारख्या ठिकाणी हे दोन्ही विभाग एकाच संस्थेत असतात. खासगीत दोघांना गाठून बोलतं करण्याची जबाबदारी पेशंटवर पडते.

या तयारीला साधारण 12 ते 18 महिने लागतात आणि त्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. हनुवटी आणखी पुढे आल्यासारखी वाटते, चावा आणखी बिघडतो. नातेवाईक विचारतात, पैसे कशाला घातले? उपचार बरोबर चालल्याचीच ती खूण आहे, पण हे आधी सांगितलं नसेल तर माणूस अर्ध्यातच घाबरतो.

वायर पातळ निकेल-टायटॅनियमपासून सुरू होते. ब्रॅकेटमधल्या 0.022 इंचाच्या वायरच्या खाचेत शेवटी 0.019 x 0.025 इंचाची चौकोनी स्टीलची वायर बसली पाहिजे. ती किमान चार आठवडे निवांत, म्हणजे दात न हलवता, बसलेली असावी. मगच शेवटचं माप किंवा स्कॅन. त्या मापावरून सर्जनचा स्प्लिंट बनतो, म्हणजे जबडा नव्या जागी नेमका बसवायला दातांमध्ये ठेवायची पट्टी. मापानंतर ब्रॅकेट निघाला आणि कोणी तो अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चिकटवून दिला, तर दात सरकतो आणि ऑपरेशनच्या दिवशी स्प्लिंट बसत नाही. त्या काळात निघालेला ब्रॅकेट घेऊन कुठल्याही जवळच्या दवाखान्यात जाऊ नये. निफाड-दिंडोरीकडच्यांनी हे माप द्राक्षांच्या तोडणीत येणार नाही असं बघावं, कारण तेव्हा फेऱ्या हमखास चुकतात.

अगदी मागच्या दुसऱ्या दाढेला चिकटवलेली ट्यूब (वायरचं टोक घालायची नळी) लाळेमुळे वारंवार सुटते. तिथे सिमेंटने बसवलेला बँड, म्हणजे दाढेभोवतीचं धातूचं कडं, बरा; त्यासाठी काही दिवस आधी दाढांच्या फटीत रबरं घालून घ्यावी लागतात. ही दाढ तारेबाहेर ठेवली आणि ती लोंबलेली असेल, तर ऑपरेशननंतर आधी तीच टेकते आणि पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. अक्कलदाढा खालच्या जबड्याच्या कापाच्या रेषेत येत असतील तर बरेच सर्जन त्या सहा महिने आधी काढायला सांगतात, म्हणजे खड्डा हाडाने भरतो.

हुक दात घासताना गालाला लागतात. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातच ऑर्थोडॉन्टिस्टकडचं मेण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश आणून ठेवावा, नंतर आठ-दहा दिवस बाजारात जायची ताकद नसते.