सव्वासहा फुटी मी आणि टबाएवढी गाडी

माझी उंची 6 फूट 3 इंच, म्हणजे बरोब्बर सव्वासहा फूट, आणि गाडी घेतली कुठली तर लोटस सेव्हनची, म्हणजे एका चिमुकल्या, बिनछपराच्या, दोन सीटच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, रेप्लिका. कव्हेंट्रीत राहायला आल्यापासून डोक्यात होती. मूळ सेव्हन 1957 ची, 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि बाकी ब्रिटनभर लोकांनी गॅरेजमध्ये चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वेल्ड करून जुन्या फोर्डची इंजिनं टाकून तसल्याच शेकडो गाड्या बनवल्या, माझी त्यातलीच एक, आधीच्या मालकाने अर्धवट सोडलेली.

आता घेताना बसून नाही का बघितलं, असं सगळे विचारतात. बसलो नव्हतो, कारण तेव्हा तिच्यात सीटच नव्हती. आणि माझा एक मित्र, माझ्याच उंचीचा, दुसऱ्याच्या सेव्हनमध्ये आरामात बसलेला मी डोळ्याने पाहिला होता. पण तो सगळा पायात उंच आहे आणि मी सगळा धडात! हे डोक्यात यायला मला दोन महिने लागले. त्या गाडीच्या लांबलचक नाकात पाय कसेही मावतात हो, धड कुठे घालणार?

सीट बसवून पहिल्यांदा आत शिरलो तर विंडस्क्रीनची वरची पट्टी बरोब्बर डोळ्यांसमोर, म्हणजे रस्ता बघायचा तर मान तरी वर काढा नाहीतर वाकून खालून बघा. गुडघे स्टिअरिंगला आणि हेल्मेट रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या मागच्या लोखंडी कमानीच्या, वर. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अरे, आंघोळीच्या टबात काय बसलायस?"

मी आधी पायांच्या मागे लागलो, ती चूक. पेडल पुढे सरकवले, गुडघे जरा मोकळे झाले पण डोकं होतं तिथेच. मग शेजारचे एक रिटायर्ड फिटर काका आले, बघून म्हणाले आधी बूड खाली घे, बाकीचं नंतर. सीट काढली आणि फ्लोअरवर नुसती कॅम्पिंगची पातळ फोम मॅट टाकून बसलो, एका झटक्यात 70 मिमी खाली! तरी कमी पडत होतं म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर 35 मिमी खाली घ्यायला दिला. पहिल्या गॅरेजवाल्याने पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करून दिला, बसलो की पोट सुटल्यासारखा खाली यायचा. तो फेकून स्टीलचा करून घेतला. इंजिनचा संप (खालचं ऑइलचं भांडं) तसाही त्याच्याइतकाच खाली आहे, त्यामुळे स्पीड ब्रेकरवर जे आधी घासायचं तेच आत्ताही घासतं.

पाठीसाठी फोम सीट ओतली. दोन केमिकल मिसळायची, जाड कचऱ्याच्या पिशवीत ओतायची आणि त्यावर टेकून पुतळ्यासारखं बसायचं, फोम फुगून तुमच्या पाठीचा साचा होतो. गरम होतं बरं का, आणि वास जबरी, गॅरेजचं दार उघडं ठेवा, हातमोजे घाला. पहिल्या वेळी मी बुडाखालीही ओतला आणि फुगलेल्या फोमने मला पुन्हा इंचभर वर उचललं, म्हणजे सगळी कमाई पाण्यात! दुसऱ्या वेळी फक्त पाठ आणि बाजू.

स्टिअरिंगचं चाक 350 मिमीचं काढून 280 चं खालून सपाट घेतलं, काढता येणाऱ्या बॉसवर, म्हणजे चाक दांड्याला जोडणाऱ्या तुकड्यावर. पण तो बॉस स्वतःच जाड, त्यामुळे चाक अजून अंगावर आलं, शेवटी मधला जुना स्पेसर, म्हणजे अंतर वाढवणारी चकती, काढून टाकला तेव्हा जमलं. लहान चाकाने स्टिअरिंग जड होतं, पण एवढ्या हलक्या गाडीत चालतंय. डॅशबोर्डवरचे निम्मे मीटर मात्र चाकाआड दिसत नाहीत. बूट कार्टिंगचे घेतले, नेहमीच्या बुटाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबला जायचा.

एका गोष्टीत मी काटकसर केली नाही, ती म्हणजे रोल बार. बारच्या टोकापासून पुढे स्कटलपर्यंत, म्हणजे विंडस्क्रीनच्या बुडाशी असलेल्या बॉडीच्या भागापर्यंत, लांब पट्टी धरली की हेल्मेट तिच्या खाली राहायला हवं, माझं नुसतं टेकत होतं, म्हणून उंच बार घेतला. हार्नेसचंही, म्हणजे रेसिंगच्या सीटबेल्टचंही, तसंच, खांद्याचे पट्टे ज्या नळीला बांधलेत ती खांद्यापेक्षा फार खाली असेल तर धडकेत पट्टा मणक्याला खाली दाबतो, उंच माणसाला हा धोका जास्त. नवीन बारबरोबर ती नळीही वर घेतली.

फोर्डने सुद्धा हे भोगलंय म्हणा. 1967 च्या ल माँच्या 24 तासांच्या रेसला त्यांच्या उंच ड्रायव्हरचं, डॅन गर्नीचं, डोकं छताला लागत होतं म्हणून त्यांनी छताला चक्क एक फुगवटा दिला, आणि ती गाडी रेस जिंकली. माझ्या गाडीला छतच नाही ते बरंय.

परवा फॉस वे या जुन्या रोमन रस्त्यावर 40 मैल चालवून आलो, पाठ दुखली नाही, फक्त डाव्या पायाला क्लचनंतर टेकायला जागा नाही, ते बघतोय. आता बायकोला चालवायचीय. ती 5 फूट 2. पेडलला पाय पोहोचत नाहीत आणि माझ्या साच्यात ती अख्खी हरवते, म्हणून तिच्यासाठी पाठीला लावायची जाड उशी शिवायला घेतलीय.